ओ न देणारं नाक

३ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितोय. तुझा फोन आला की बाबा कानात जीव आणून बसतात आणि "स्पीकर लाव" म्हणतात. मग त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलणार, कपाळ?

बाबांचं काहीतरी बिनसलंय. काल तुझ्या वहिनीने गॅसवर दूध ठेवलं, त्यांना सांगितलं आणि ती छोटीला शाळेतून आणायला गेली. बाबा स्वयंपाकघरातच खिडकीकडे पाठ करून बसले होते. ती परत आली तेव्हा खालच्या जिन्यातच तिला जळका वास आला. धावत वर गेली तर भांड्याचा कोळसा झालेला, आणि बाबा शांतपणे शब्दकोडं सोडवतायत! वर तिलाच म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? मला काय नाक नाही?"

पहिल्यांदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण मागच्या महिन्यात इस्त्रीखाली एका बाईंचा कोट करपला, तेव्हाही ते शेजारीच उभे होते. मला वाटतं, दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्यापासून ते रुसलेत. आई असती तर एका वाक्यात सरळ केलं असतं. आपल्याला ते जमत नाही.

बाकी दुकान ठीक. ड्रायक्लीनिंगचं मशीन जुनं झालंय, दाराचं रबर गळतं, पण चालतंय. छोटी शाळेतून आली की टांगलेल्या कपड्यांच्या रांगेत तिचं घर मांडते.

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुमची बहीण काय करते हो? मी म्हटलं, कॉम्प्युटरला वास घ्यायला शिकवते. अख्खी रांग हसली. खरं काय करतेस ते एकदा नीट लिही, म्हणजे माझी फजिती व्हायची नाही.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

तू सांगितलंस ते फारसं चूक नाही, पण कॉम्प्युटर वास घेत नाही. नाक काय करेल याचा तो अंदाज बांधतो.

नाकाच्या आत, अगदी वर, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक नाजूक पापुद्रा असतो. त्यात वासाच्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशीवर एका जातीचा रिसेप्टर. माणसात अशा साधारण चारशे जाती. हवेतून वासाचा रेणू आला की काही रिसेप्टर त्याला ओ देतात, बाकीचे गप्प बसतात. कोणी ओ दिली, कोणी नाही, यावरून मेंदू ठरवतो की हे संत्रं आहे की रॉकेल. गंमत म्हणजे यातले बहुतेक रिसेप्टर कुणाच्या हाकेला ओ देतात हेच अजून ठाऊक नाही. आमच्याकडे त्यांना अनाथ म्हणतात.

माझं काम म्हणजे मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या त्या प्रोग्रामला, हजारो जोड्या दाखवायच्या: हा रेणू, हा रिसेप्टर, ओ दिली, दुसरा रेणू, तोच रिसेप्टर, दिली नाही. मग कधी न पाहिलेली जोडी विचारायची. उत्तर बरोबर की चूक ते आमची प्रयोगशाळेतली जोडीदारीण ताटलीत पेशी वाढवून बघते. पेशी चमकली की ओ दिली.

पण सध्या माझं तोंड वाकडंच आहे. बहुतेक जोड्यांचं उत्तर "नाही" असतं, त्यामुळे मॉडेल कामचुकार विद्यार्थ्यासारखं सगळीकडे "नाही" लिहून पास होतं. आणि अनाथांबद्दल विचारलं की ते नाणं उडवल्यासारखं काहीही सांगतं. सर म्हणतात, अजून जोड्या दाखव. जोडीदारीण म्हणते, अजून ताटल्या करायला मला दहा हात नाहीत.

सोबत कुप्यांचा एक डबा पाठवतेय. आम्ही पाहुण्यांना गंमत म्हणून देतो. प्रत्येक कुपीवर आकडा आहे. झाकण काढून हुंगायचं आणि कशाचा वास ते सांगायचं. बाबांना दे, तूही घे. रविवारचा खेळ होईल. काय उत्तरं आली ते मात्र नक्की कळव.

चिंगी

२ मार्च

चिंगे,

तुझा डबा आला, पण पोस्टाने घात केला. कुप्यांमधला वास वाटेतच उडून गेला.

रविवारी वहिनी माहेरी गेली होती. मी, बाबा आणि छोटी जेवणाच्या टेबलाशी बसलो. बाबांनी चष्मा लावला, जणू वास डोळ्यांनी घ्यायचाय. पहिली कुपी, काही नाही. दुसरी, काही नाही. बाबा म्हणाले, "पोरीने पाणी भरून पाठवलंय. इतकं शिकून आपल्यालाच टोपी घालते." मीही प्रत्येक कुपी नाकाला लावून बघितली. पाणीच! फक्त पाच नंबरची शाबूत राहिली असावी, ती आम्हा दोघांच्याही नाकात झोंबली, डोळ्यांतून पाणी आलं.

छोटीने मात्र करमणूक केली. ती प्रत्येक रिकाम्या कुपीत काहीतरी शोधून काढत होती. "हे संत्रं! हे आंघोळीचा साबण! हे फुलं! ई, हे दात दुखल्यावर लावतात ते!" बाबा हसून हसून बेजार झाले. म्हणाले, ही पोरगी पुढे गोष्टी लिहिणार. खूप दिवसांनी ते असे हसले, तेवढ्यासाठी तुझा डबा वसूल.

दुसरा पाठवणार असशील तर झाकणं घट्ट लाव.

दादा

१० मार्च

दादा,

घाईत लिहितेय. एवढं कर, कारण नंतर सांगते.

डबा टाकून दिला नसशील तर वहिनीला कुप्या हुंगायला दे. छोटीने काय काय सांगितलं ते तिला आधी सांगू नकोस.

मशीनमध्ये कोणतं केमिकल घालता? ड्रमवरचं नाव जसंच्या तसं उतरवून पाठव. डाग काढायच्या बाटलीवरचंही.

बाबांचा हात थरथरतो का? चालताना पाय घासतात का? पावत्यांवरचं त्यांचं अक्षर आता कसं येतं?

आणि आजच्या आज स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म बसवून घे. हे उद्यावर ढकलू नकोस, दादा.

चिंगी

२४ मार्च

चिंगे,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा डोकंच फिरलं. वाटलं, घरच्या माणसाला हिने प्रयोगातला उंदीर केलाय. दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. मग काल दुपारी वहिनीला कुप्या दिल्या.

तिने पहिली उघडली आणि म्हणाली, "संत्रं." दुसरी, "साबण." तिसरी, "गुलाब आहे, नाही?" चौथी, "लवंगेचं तेल." भाजी निवडता निवडता सांगत होती, जसं काही विशेष नाहीच. मी तिच्या हातातून लवंगेची कुपी घेतली आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही गं. नुसती गार हवा.

तिने भाजी बाजूला सारली. म्हणाली, "अहो, तुम्हाला येत नाही?" मी म्हटलं, सर्दी आहे. ती म्हणाली, "सर्दी कुठेय?"

रात्रभर मागचं आठवत होतो. एक वकील कोट परत घेऊन आले होते, म्हणाले केमिकलचा वास मारतोय. मी भर दुकानात नाक खुपसून त्यांना सांगितलं, "साहेब, कसलाही वास येत नाही," आणि वर भांडलो. जेवताना मी सारखं वरून मीठ-तिखट घेतो म्हणून वहिनी चिडते. मला वाटायचं, हिच्या हाताला चव नाही. तिला बोललोही होतो तसं, पाहुण्यांसमोर.

कधीपासून वास येत नाही, हे मला सांगता येत नाही. दिवा गेला की कळतं. हे कळलंच नाही.

तुझे प्रश्न. हात थरथरतो, उजवा. ते तो खिशात ठेवतात. मला वाटायचं ऐट आहे. पाय घासतात. पावतीवरचं अक्षर मुंगीएवढं झालंय, मी त्यांना भिंग आणून देणार होतो. केमिकलची नावं मागच्या बाजूला उतरवलीयत. मशीनची गाळणी साफ करायला बाबा तोंडाला काही न बांधता अर्धे आत वाकायचे. मला शाळकरी वयात त्यांनीच शिकवलं, मीही तसाच वाकतो. पहिली काही वर्षं डोकं दुखायचं, मग सवय झाली.

अलार्म बसवला. बाबांना काही बोललो नाही.

तुझ्या मॉडेलला विचार ना, की हे परत कसं आणायचं.

दादा

५ एप्रिल

दादा,

आधी एक सांगते. डबा मी गंमत म्हणून पाठवला नव्हता. तुझं दुधाचं वाचलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. बाबांना वास येत नसेल असं वाटलं, आणि म्हाताऱ्या माणसाचा वास जाणं कधीकधी पुढच्या एका दुखण्याची वर्दी असते, हे मला माहीत होतं. खात्री नसताना घाबरवायचं कशाला म्हणून मी खेळ केला. तुझा विचार तर माझ्या मनातही आला नव्हता. तुझं "पाणीच!" वाचलं, आणि त्याखाली छोटीची उत्तरं. ती सगळी बरोबर होती, दादा. पाच नंबरची झोंबते ती वासाने नाही. ती नाकाच्या कातडीला टोचते, त्याची नस वेगळी असते.

मॉडेलला विचारलं. तुमच्या ड्रममधला रेणू दिला. त्याने सांगितलं, अमुक रिसेप्टर ओ देतील, तमुक देणार नाहीत. माझं मॉडेल असं धरून चालतं की पेशी जागेवर आहे, जिवंत आहे. पेशीच जळून गेली असेल तर काय, हा प्रश्न आम्ही त्याला कधी विचारलाच नाही. त्यासाठी त्यात जागाच नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तो आपला विषय नव्हे." खरं आहे ते. त्यांचा राग आला.

बाबांना नसांच्या डॉक्टरांकडे ने. तूही नाक दाखव. छोटीला आजपासून दुकानात बसू देऊ नकोस. आणि ते मशीन बंद कर. कसं करशील मला माहीत नाही, पण कर.

चिंगी

२० मे

दादा,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. फोनवर बाबा म्हणतात, "सगळं मजेत आहे." तू म्हणतोस, "गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू." वहिनी उचलत नाही.

डॉक्टरांकडे गेला होतात का? दोन ओळी लिही. वाईट असेल तरी लिही.

चिंगी

११ जून

चिंगे,

बाबांना कंपवात आहे. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली. तेवढ्यात डॉक्टरांना कळलं होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी केमिकलचं विचारलं. ते म्हणाले, असू शकतं, अशी उदाहरणं आहेत, पण याच माणसाला यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही.

घरी आल्यावर बाबा वर आलेच नाहीत. सरळ काउंटरवर जाऊन बसले. मी म्हटलं, बाबा, मशीन बंद करू या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "याच मशीनने तुम्हा दोघांना वाढवलं."

"म्हणूनच म्हणतोय, बाबा. छोटी याच्यासमोर खेळते."

"तूही खेळलास. काय झालं तुला?"

मी तोपर्यंत त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. त्यांनी खिशातून हात काढला, दोन्ही हात काउंटरवर ठेवले, आणि उजवा एकटाच लाकडावर टकटक करत राहिला. मग म्हणाले, "तुला मी आत वाकायला शिकवलं." एवढंच. आणि जिना चढताना म्हणाले, "चिंगीला कळवू नकोस. सगळं टाकून इथे येऊन बसेल." म्हणून लिहिलं नाही.

आता खरं कारण लिहितो. लिहिलं नाही कारण तुझा राग आला होता. आपण दोघं एकाच घरात वाढलो. संध्याकाळी तू वर खिडकीशी अभ्यास करायचीस आणि मी खाली गाळणी साफ करायचो, कारण तू हुशार आणि मी ठोंब्या. तुझं नाक शाबूत आहे. त्या नाकाच्या जोरावर तू नाकांचा अभ्यास करतेस. हे मी रागाने लिहीत नाही, असं लिहिणार होतो. रागानेच लिहितोय.

माझ्या नाकाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं. त्यांच्या मते फार काही उरलेलं नाही. मी विचारलं, माझंही बाबांसारखंच होणार का? ते म्हणाले, वर्षातून एकदा दाखवत जा. याचा अर्थ काय गं? तुझा धंदा अंदाज बांधायचा आहे ना? मग सांग.

दादा

२५ जून

दादा,

तू लिहिलंस ते खरं आहे. मी त्या खिडकीशी बसायचे आणि खालून मशीनचा आवाज बंद झाला की मला बरं वाटायचं, आता शांततेत वाचता येईल म्हणून. मशीन बंद झालं म्हणजे तू आत वाकला असशील, हे मला कधी सुचलं नाही. माफी मागून ते पुसलं जाणार नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला माहीत नाही. केमिकलने नाक गेलेल्या सगळ्यांना पुढे बाबांसारखं होत नाही. बऱ्याच जणांचं नाकावरच निभावतं. काहींचं नाही. तू कोणत्या बाजूला, हे सांगणारं माझ्याकडे काही नाही आणि असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मॉडेलचा एखाद्या रेणूबद्दलचा अंदाज चुकला तर आम्ही पुन्हा ताटली लावतो. तुझ्याबाबतीत खोटा धीरही द्यायचा नाही आणि खोटी भीतीही नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

एक उपाय आहे, फार मोठा नाही. ठरावीक वास रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगायचे, महिनोन्महिने. काहींना थोडं परत येतं, बऱ्याच जणांना येत नाही. सांगितलं नाही असं नको.

गेल्या आठवड्यात आमच्या मॉडेलने एका अनाथ रिसेप्टरबद्दल अंदाज केला आणि ताटली चमकली. दोन वर्षांत पहिल्यांदा. जोडीदारीण नाचली, सरांनी सगळ्यांना केक आणला. मी टाळ्या वाजवल्या. मला तुझं गार हवेचं वाक्य आठवत होतं.

मी सप्टेंबरमध्ये रजा काढून येतेय. बाबांना सांग, सगळं टाकून नाही, रजा काढून येतेय. मशीनचं काय झालं?

चिंगी

३० ऑगस्ट

चिंगे,

मशीन गेलं. भंगारवाले चौघं आले, दारातून निघेना म्हणून चौकट काढावी लागली. बाबांना वहिनीने बागेत नेलं होतं, तरी ते अर्ध्या वाटेतून परत आले आणि फुटपाथवर उभे राहून बघत राहिले. ट्रक निघाला तेव्हा भंगारवाल्याला म्हणाले, "डावीकडून धर, तिकडे जड आहे."

दुकान आता फक्त इस्त्रीचं आहे, आणि मी सकाळी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला जातो. तिथे साबण आणि पाणी. डोकं दुखत नाही. पगार बेताचा, पण वहिनी म्हणते, तुम्ही निदान चेहऱ्याने बरे दिसायला लागलात.

हुंगायचं रोज करतोय, दोघंही. अजून काही नाही. मी सोडणार होतो, पण बाबा वेळेवर खुर्ची ओढून बसतात, मग मलाही बसावं लागतं.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. बाबांना आंघोळ जड जाते. हात वर जात नाही, पाठ तशीच राहते. सुनेची मदत घ्यायची नाही, माझी तर नाहीच. आत जातात, पाण्याचा आवाज करतात, तासाभराने बाहेर येतात. आम्ही कुणी काही बोलत नव्हतो. मग छोटीने त्यांच्या मांडीवर बसायचं सोडलं. नुसतं लांबून "गुड नाइट आजोबा" म्हणायची.

परवा मी कामावरून आलो तर बाबा खोलीत अंधारात बसलेले. मला म्हणाले, "दार लाव." लावलं. "इकडे ये, जवळ." गेलो. खाली बघून म्हणाले, "खरं सांग. माझ्या अंगाला वास येतो का रे?"

मी वाकलो, त्यांच्या मानेशी नाक नेलं आणि श्वास घेतला. इतक्या जवळ मी त्यांच्या कधी गेलो नव्हतो, लहानपणीही नाही. म्हणालो, "नाही बाबा. काही वास येत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. म्हणाले, "गाढवा, तुला काय कळणार?" आणि आम्ही दोघं हसत सुटलो, इतके की वहिनी दार ठोकायला लागली. हसता हसता ते कधी रडायला लागले ते मला कळलं नाही.

मग काही न विचारता त्यांचा शर्ट काढला आणि न्हाणीघरात घेऊन गेलो. पाठ चोळून दिली. ते भिंतीला धरून उभे राहिले, एकदाही नको म्हणाले नाहीत. पाठ किती लहान झालीय गं त्यांची. पुसून, कपडे घालून बाहेर आणलं आणि वहिनीला हाक मारली. तिने जवळ येऊन वास घेतला, पदराने डोळे टिपले आणि मान हलवली, छान म्हणून. आता रोज मीच घालतो आंघोळ.

तू येशील तेव्हा मी कामावर असेन. वहिनी बाबांना घेऊन बागेत गेली असली तर किल्ली शेजारी आहे. येताना बसस्टॉपपासून रिक्षा कर, सामान उचलू नकोस.

दादा